ज्ञानू तिबिलेची मास्तरकी

ज्ञानदेव गणपतराव तिबिले या मुलाला मी तीन वर्षं इंग्रजी शिकवलं. आठवी, नववी आणि दहावी. दहावीला त्याला इंग्रजीत शंभरापैकी सव्वीस मार्क पडले. त्यातले सतरा तोंडी परीक्षेचे, म्हणजे मीच दिलेले. बोर्डाच्या पेपरात त्याने स्वतःच्या हिमतीवर मिळवले ते नऊ. तोंडी परीक्षेला तो माझ्यासमोर उभा राहिला, मी 'व्हॉट इज युवर नेम' विचारलं, त्याने खाली मान घातली, मी सतरा लिहिले. त्या काळात सगळ्यांनाच लिहायचो. पुढचा मुलगा आत आला.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण ज्ञानूची पुढची हकीकत ऐकली की लोक मला म्हणतात, "सर, तुमचाच विद्यार्थी की!" आणि मी चहा पीत गप्प बसतो.

तिबिल्यांचं घर वडणग्यात. पंचगंगा ओलांडली की कोल्हापूर मागे राहतं आणि वडणगे लागतं. गणपतरावांच्या गोठ्यात चार म्हशी, थोडा ऊस, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध. मोठी मुलगी वर्षाराणी, धाकटा ज्ञानू. वर्षाराणी ही माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीतली सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. तिची निबंधाची वही मी पुढच्या वर्गांना दाखवायचो. ती इंग्रजी घेऊन एम.ए. झाली, नंतर सेट पास झाली, आणि एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. तासिका तत्त्वावर म्हणजे कॉलेज तुम्हाला मॅडम म्हणतं, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत ओळखत नाही. गेली अकरा वर्षं ती तशीच शिकवते आहे.

ज्ञानू ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेत ग्रेस मार्कांवर सुटला, आयटीआयला गेला, मोल्डरचं काम शिकला आणि शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत लागला. वाळूचे साचे करायचे, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. हाताला चांगला होता. सत्तावीस वर्षांचा होईपर्यंत त्याला कुणी इंग्रजी विचारलं नाही आणि त्याचं काही अडलंही नाही.

मग कुणीतरी जपानची बातमी आणली. तिथल्या कारखान्यांना माणसं हवी होती. तीन वर्षं, राहायची सोय, फक्त जपानी भाषा शिकावी लागेल. ज्ञानू मला रस्त्यात भेटला तेव्हा मी त्याला म्हणालो, "अरे, तुला इंग्रजी जमलं नाही, जपानी काय जमणार?" शिक्षकाची जात, बोलल्याशिवाय राहवत नाही.

"जमतंय सर," तो म्हणाला. "लई सोपं हाय. आपल्यागतच हाय."

"आपल्यासारखं? जपानी?"

"व्हय की. क्रियापद शेवटाला. मी भाकरी खाल्ली, तसंच. आन् प्रश्न विचारायचा झाला तर शेवटाला नुसतं 'का' लावायचं. 'इकिमास का?' म्हंजे 'जाणार का?' इंग्रजीत कसं, वाक्याचं तोंड कुठं आन् शेपूट कुठं, काय कळतच न्हाय."

आठ महिन्यांत तो परीक्षा पास झाला आणि दोन हजार बावीसच्या पावसाळ्यात गेला. मुंबईला सोडायला गणपतराव गेले होते. परत आल्यावर म्हणाले, "इमान लई मोठं हुतं. आमचा ज्ञान्या त्यात दिसंना झाला."

डोंगराच्या पायथ्याचं एक छोटं जपानी गाव. एक फाउंड्री, भोवती भाताची शेतं, आणि म्हाताऱ्या माणसांनी भरलेली घरं. तरुण मुलं शहरात गेलेली. ज्ञानूने मला नंतर सांगितलं, "सर, आपल्या पन्हाळ्याकडच्या वाड्यांगत. फक्त रस्तं गुळगुळीत." कामावर त्याचं बरं चाललं होतं. शनिवार-रविवारी काय करायचं हा प्रश्न होता. म्हणून तो एका शनिवारी गावच्या समाजमंदिरात गेला. परदेशी कामगारांसाठी तिथे जपानीचा फुकट वर्ग आहे असं त्याला कळलं होतं.

खिडकीतल्या बाईने विचारलं, "कुठल्या देशाचे?"

"इंदो," ज्ञानू म्हणाला. इंदो म्हणजे भारत.

बाई उठल्या आणि जवळजवळ पळतच आतल्या खोलीत गेल्या. त्या खोलीत गावातल्या वयस्कर लोकांचं इंग्रजी मंडळ बसायचं. त्यांचा अमेरिकन मास्तर दोन महिन्यांपूर्वी मायदेशी गेला होता. तेव्हापासून सात जण दर शनिवारी वह्या घेऊन यायचे, आपापली वाक्यं मनातल्या मनात वाचायचे आणि बारा वाजता घरी जायचे. बाईंनी आत जाऊन सांगितलं, भारतातला माणूस आला आहे. भारतात सगळे इंग्रजी बोलतात हे त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं.

ज्ञानू जपानीत म्हणाला, "मला येत नाही."

सगळे खूष झाले. त्यांच्याकडे ज्याला येतं तो माणूस आधी 'येत नाही' असंच म्हणतो. तीस वर्षं पियानो वाजवणारी बाई 'अजून काही जमत नाही' म्हणते. ज्ञानू पुन्हा म्हणाला, "खरंच येत नाही, शाळेत नापास झालो होतो." आता तर त्यांना खात्रीच पटली. इतका नम्र माणूस म्हणजे विद्वानच असणार. शेवटी घाबरून त्याने इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला, "आय नो इंग्लिश! आय नो इंग्लिश!"

त्याला म्हणायचं होतं, इंग्लिश नो. ऐकणाऱ्यांनी ऐकलं, मला इंग्लिश येतं. खोलीत टाळ्या पडल्या. पुढच्या शनिवारी दहा वाजता या, असं ठरलं.

त्या संध्याकाळी वडणग्यात वर्षाराणीचा फोन वाजला. व्हिडिओवर ज्ञानूचा चेहरा पांढराफटक.

"आक्का, मला इंग्रजी शिकीव."

"आता? सत्तावीस वर्षांचा घोडा झालास."

"मी हितं इंग्रजीचा मास्तर झालोय."

वर्षाराणी हसली नाही. नंतर मला म्हणाली, "सर, मला हसू यायला पाहिजे होतं. पण मला पहिल्यांदा रागच आला." ते मी समजू शकतो. सेट पास झालेल्या बाईने सात वर्षं कायम नोकरीची जाहिरात शोधायची, आणि नऊ मार्कांच्या भावाला परदेशात बोलावून मास्तरकी द्यायची, हे कुठल्या तत्त्वावर?

तरीही तिने शिकवलं. दर शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता, कॉलेजातून आल्या आल्या. "मी सांगतो तसं लिहून घे," ती आमच्याकडच्या मुलींच्या पद्धतीने, पुल्लिंगात, म्हणायची. सुरुवात काळांपासून. साधा वर्तमान, चालू वर्तमान, पूर्ण वर्तमान. ज्ञानू वहीत उतरवायचा आणि शनिवारी सकाळी फळ्यावर उतरवायचा.

पहिल्या वर्गात त्याने लिहिलं, 'ही गो टू स्कूल.' सात जणांनी वाचलं. कुणी काही बोलेना. पाच मिनिटं गेली. मग ओनोदा नावाचे निवृत्त स्टेशनमास्तर उठले, कमरेत वाकले आणि जपानीत म्हणाले, "माझी नजर आता अधू झाली आहे, माफ करा. त्या 'गो'च्या पुढे 'ईएस' अशी काही अक्षरं आहेत का? मला दिसत नसतील."

ज्ञानूने फळ्याकडे बघितलं. तिथे 'ईएस' नव्हतं. असायला हवं होतं की नको, हे त्याला माहीत नव्हतं. त्याने लिहून टाकलं. सातही जणांनी सुटकेचा श्वास सोडला आणि वहीत काही लिहिलं नाही. कारण त्यांच्या वहीत ते आधीच बरोबर होतं.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की यांना व्याकरण सगळं येतं. साठ वर्षांपूर्वी शाळेत घोटून घेतलेलं. ओनोदांना तर पूर्ण भूतकाळ सुद्धा येत होता. येत नव्हतं ते तोंड उघडणं. चुकलो तर काय, या भीतीने आधीच्या अमेरिकन मास्तरापुढे हे लोक नऊ वर्षं 'येस' आणि 'थँक यू' एवढ्यावर बसून होते. हे वाचून कुणाला आमची शाळा आठवली तर माझी हरकत नाही.

दुसऱ्या शनिवारी ज्ञानूने वही मिटली. त्याने जपानीत सांगितलं, "तुम्हाला येतं, मला येत नाही. मी चुकतो, तुम्ही सांगा." आणि मग आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला पहिलं जे विचारतात ते त्याने इंग्रजीत विचारलं. "मॉर्निंग, यू ईट? व्हॉट ईट?" जेवलासा का, काय जेवलासा.

पुन्हा शांतता. पण यावेळी चूक इतकी मोठी होती की ती न सुधारता बसणं कुणाला शक्यच नव्हतं. "डिड यू ईट," ओनोदा म्हणाले. मग एक बाई म्हणाल्या, "व्हॉट डिड यू ईट." आणि चूक सुधारली म्हटल्यावर उत्तर देणंही आलं. राइस. फिश. राइस अँड एग. ज्ञानूने सगळ्यांच्या न्याहाऱ्या विचारल्या. एका बाईंनी काहीच खाल्लं नव्हतं. "व्हाय?" ज्ञानू म्हणाला. "नॉट गुड. टुमारो ईट."

वर्षाराणीने पुढच्या शुक्रवारी विचारलं, "चालू वर्तमान झाला का?"

"आक्का, त्यास्नी व्याकरण माझ्यापेक्षा येतंय."

"मग तू तिथं करतोस काय?"

"चुकतो," ज्ञानू म्हणाला.

ती फोन ठेवणार होती, पण ठेवला नाही. म्हणाली, "बरं. मग निदान नीट चूक. कुठं चुकायचं ते मी सांगतो." आणि दोघं बहीणभाऊ दर शुक्रवारी चुकांची यादी काढायला लागले. एम.ए.ला तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

आमच्या भागातला माणूस प्रश्न विचारायला लाजत नाही. एसटीत शेजारी बसलेल्या पाव्हण्याला तो लग्न झालं का, पोरं किती, पगार किती, हे पुढचा स्टॉप यायच्या आत विचारतो. ज्ञानूही तेच विचारत होता, मोडक्या इंग्रजीत. जपानी भाषेत असले प्रश्न कुणी विचारत नाही, आणि विचारलेच तर उत्तर टाळायला त्या भाषेत शंभर वाटा आहेत. इंग्रजीत या सात जणांना टाळायची एकही वाट माहीत नव्हती.

ओनोदांना त्याने विचारलं, "युवर सन, व्हेअर?"

"तोक्यो."

"कम होम?"

"नो."

"व्हाय नॉट कम?"

शेजारची बाई मान खाली घालून पेन्सिलीला टोक काढायला लागली. पन्नास वर्षं एका गावात राहून कुणी हा प्रश्न ओनोदांना विचारला नव्हता. ओनोदा म्हणाले, "वी फाइट. इलेव्हन इयर्स. आय सेड बॅड वर्ड. माय मिस्टेक."

त्या दिवशी कुणी कुणाचं व्याकरण सुधारलं नाही.

हे गावात पसरलं. वर्गात सातांचे अकरा झाले, वर्षाने एकोणीस. लोक बारा वाजले तरी उठेनात. ज्ञानू पैसे घेत नव्हता. कारखान्याच्या परवान्यावर आलेल्या माणसाला दुसरं काम करून पैसे घेता येत नाहीत. त्यामुळे त्याच्या खोलीच्या दारात मुळे, कोबी आणि वाळवलेले मासे येऊन पडायचे. इकडे गणपतराव डेअरीत दूध घालताना सांगायचे, "आमचं पोरगं जपानात इंग्रजीचा मास्तर हाय." झुंबरबाईंना, म्हणजे ज्ञानूच्या आईला, दोन चांगली स्थळंही सांगून आली. एका मुलीच्या वडिलांनी माझ्याकडे येऊन चौकशी केली, "पोरगा इंग्रजीत कसा होता?" मी म्हणालो, "तोंडी परीक्षेत चांगले मार्क होते." खोटं बोललो नाही.

मग स्थानिक वर्तमानपत्रात फोटो छापून आला आणि घोटाळा झाला. फोटो बघून नगरपालिकेच्या कचेरीने ठरवलं की या शिक्षकाचा सत्कार करायचा. सत्काराला फॉर्म, फॉर्मला शैक्षणिक पात्रतेचा दाखला. ज्ञानूकडे दहावीचं पहिलं, मार्चचं मार्कपत्रक होतं, पासपोर्टच्या कागदांबरोबर नेलेलं.

शुक्रवारी त्याने बहिणीला विचारलं, काय करू. तिच्या कपाटात एम.ए.चं प्रमाणपत्र होतं, त्यावर व्ही. जी. तिबिले असं नाव. ज्ञानूचं डी. जी. एका अक्षराचा फरक. ते दोघांच्याही मनात येऊन गेलं. मग ती म्हणाली, "हे काढायला मला सहा वर्षं लागली. अजून मलाच त्याचा उपयोग झाला न्हाय. तू कशाला नेतोस?"

शनिवारी त्याने मार्कपत्रक वर्गात नेलं. स्वतः जपानीत भाषांतर करून वाचून दाखवलं. इंग्रजी, शंभरपैकी सव्वीस, अनुत्तीर्ण. म्हणाला, "मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

होरिगुची नावाच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई होत्या, त्यांच्या नवऱ्याचं केस कापायचं दुकान होतं. त्या म्हणाल्या, "आम्हाला ते फळ्यावरच्या 'गो'पासून माहीत आहे." बाकीच्यांनी माना हलवल्या. दीड वर्ष सगळ्यांना माहीत होतं, आणि मास्तरांना वाईट वाटू नये म्हणून कुणी बोललं नव्हतं. इकडे ज्ञानू दीड वर्ष आपण पकडले जाऊ म्हणून शुक्रवारी नीट झोपत नव्हता.

फॉर्मचं काम ओनोदांनी हातात घेतलं. चाळीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस, कागदाला घाबरणारा नव्हता. त्यांनी कचेरीला लिहून दिलं की या मंडळाला शिक्षक नाही. हे परस्पर अभ्यासाचं मंडळ असून श्री. तिबिले हे त्याचे विसावे विद्यार्थी आहेत. कचेरीचं समाधान झालं. विद्यार्थ्याला पात्रता लागत नाही. सत्कार रद्द झाला आणि ज्ञानूच्या गळ्यात विद्यार्थ्याचं ओळखपत्र आलं. ते त्याने मला दाखवलं. फोटोत तो दहावीच्या फोटोपेक्षा बराच खूष दिसतो.

होरिगुचीबाई या वर्गात यायच्या त्या नातीसाठी. मुलगी लग्न करून ऑस्ट्रेलियात गेली, तिकडेच वारली. नात एमी एकोणीस वर्षांची, तिला जपानी येत नव्हतं. आजी-नात व्हिडिओवर एकमेकींकडे बघून हात हलवायच्या आणि दोन मिनिटांत फोन बंद व्हायचा. वर्गात आल्यावर आजीने ज्ञानूकडून शिकलेलं सगळं नातीवर वापरायला सुरुवात केली. "यू ईट? व्हॉट ईट? व्हाय नो मॅरेज? व्हाय थिन?" नात आधी चमकली, मग हसायला लागली, मग रडायला लागली. तिला असं कुणी विचारत नव्हतं. दोन मिनिटांचा फोन पाऊण तासावर गेला.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात एमी आली. तिला आजीच्या मास्तरांना भेटायचं होतं. होरिगुचीबाई तिला समाजमंदिरात घेऊन आल्या. उंच मुलगी, पाठीवर मोठी पिशवी. ती ज्ञानूपुढे उभी राहिली आणि तिने बोलायला सुरुवात केली.

"सर," ज्ञानू म्हणाला, "शपथ घेऊन सांगतो, मला एक शबुद कळला न्हाय. नाकातनं कायतरी यायचं आन् जायचं. मी आपला येस येस करत हुतो."

ती पाच मिनिटं बोलली. डोळे पुसले, परत बोलली. ज्ञानू हसत उभा. शेवटी होरिगुचीबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी त्याचा दंड धरला, बाजूला घेतलं आणि आपल्या नातीचं इंग्रजी मास्तरांना जपानीत समजावून सांगितलं. ती म्हणते, आई गेल्यावर तिला वाटलं होतं की या बाजूचं आता कुणी उरलं नाही. ती म्हणते, तुम्ही मला आजी मिळवून दिली.

"मग तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"मी काय म्हणणार? म्हटलं, 'ईट अँड गो.' जेवून जा म्हटलं. बाई म्हणल्या, आज तुमच्याच घरी जेवणार. मी झुणका केला. तिखट कमी घातलं, तरी ती पोरगी घामानं भिजली."

तीन वर्षं संपली आणि ज्ञानू परत आला. मुदत वाढवून मिळत होती, पण गणपतरावांचा गुडघा गेला होता आणि म्हशींना कुणीतरी हवं होतं. निघताना वर्गाची काळजी. त्याने वर्षाराणीचं नाव सुचवलं. खरी एम.ए., सेट पास, ऑनलाइन शिकवेल. सगळ्यांनी आनंदाने मान्य केलं. आता खरी शिक्षिका मिळाली.

वर्षाराणीने साडी नेसून, मागे पुस्तकांचं कपाट दिसेल असा लॅपटॉप ठेवून, शनिवारी सकाळी साडेसहाला पहिला तास घेतला. माझ्याकडे आली ती हिरमुसून. "सर, इतकं सुंदर समजावून सांगितलं. एकजण बोलला न्हाय. येस मॅडम, थँक यू मॅडम. बस."

दुसऱ्या शनिवारी पंधरा जण होते. चौथ्या शनिवारी नऊ. तिने मुद्दाम चुकायचा प्रयत्न केला, पण तिला चुकता येईना. 'ही गो' म्हणताना जीभ आपोआप 'गोज' म्हणायची. पाचव्या शनिवारी ओनोदांनी फार सभ्य शब्दांत विचारलं, मॅडमचं इंग्रजी ऐकून आम्ही धन्य झालो, पण श्री. तिबिलेंची तब्येत कशी आहे? त्यांना कधी वेळ असतो?

आता त्या शनिवारच्या वर्गाला बहीणभाऊ दोघं बसतात. तो विचारतो, ती मागून हळूच वाक्य सांगते, आणि तो ते बिघडवून बोलतो. आठवड्याचे बाकीचे दिवस ज्ञानू शिरोलीला त्याच जुन्या फाउंड्रीत आहे, आता सुपरवायझर. जपानी शिकवायच्या एका संस्थेत त्याने अर्ज केला होता. तिथे जपानीत कुणी त्याचा हात धरला नसता, पण त्यांच्या नियमात शिक्षकाला दहावीला इंग्रजीत किमान पन्नास मार्क पाहिजेत. अर्ज फेटाळला.

म्हणून त्याने वडणग्यात डेअरीच्या माडीवर रविवारी चार वाजता मोठ्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग काढला. मलाही बोलावलं. पहिल्या दिवशी मी चार वाक्यं बोललो. समोर बयाबाई होत्या, ज्यांचा जावई कॅनडात असतो. गाड्यांच्या सीटा शिवणारे बाबालाल आणि त्यांची बायको खतिजा होती. आणखी सहा-सात जण. माझी वाक्यं ऐकून सगळे ताठ बसले आणि खाली बघायला लागले. हे खाली बघणं मी एकतीस वर्षं पाहिलं होतं आणि त्याला शिस्त म्हणत होतो.

वर्ग सुटल्यावर ज्ञानू म्हणाला, "सर, राग मानू नगासा. तुम्ही बोलला की माणसं गप्प बसत्यात ओ. तुम्ही चहाचं बघा."

मी चहाचं बघतो.

मागच्या महिन्यात वर्षाराणी मागच्या बाकावर पेपर तपासत बसली होती. ज्ञानू सगळ्यांना विचारत विचारत तिच्यापर्यंत आला. "आक्का, यू हॅपी?"

"आर यू हॅपी," तिने मान वर न करता सुधारलं.

"व्हय, तेच. आर यू?"

ती उत्तर द्यायला गेली. तिच्याकडे शब्दांची काय कमी होती? तिने पेन ठेवला. परत उचलला. म्हणाली, "नॉट मच."

"व्हाय?" बयाबाईंनी विचारलं. त्यांचा वर्गातला तो पहिला इंग्रजी शब्द होता.

वर्षाराणी सांगायला लागली. अकरा वर्षं, सुट्टीतला बिनपगारी उन्हाळा, मुलाखतीला बसलेली माणसं. सुरुवातीला वाक्यं सरळ होती. नंतर क्रियापदं मागेपुढे व्हायला लागली, काळ एकमेकांत शिरले. कुणी सुधारलं नाही. बयाबाईंना त्यातलं अर्धं कळलं असेल की नाही ठाऊक नाही, पण त्या मधेमधे "येस, येस" म्हणत होत्या. मी किटली घेऊन दारात उभा होतो. आत जायचं सुचलं नाही.

बाबालालचं वेगळंच झालं. त्यांचा मुलगा उजैर दुबईत असतो. त्याने केरळच्या मुलीशी लग्न केलं. सुनेला मराठी येत नाही, हिंदी जेमतेम, म्हणून बाबालाल आणि खतिजा दोघं इंग्रजी शिकत होते. सहा महिने बाबालालनी शिवणयंत्रावर बसून वाक्यं पाठ केली. ईदला सून आली. दारात उभी राहिली आणि वाकून म्हणाली, "अब्बा, तुमचा गुडघा बरा हाय काय?" सहा महिने तीही दुबईत बसून मराठी शिकत होती.

रविवारी बाबालाल वर्गात आले ते वैतागून. "एवढं घासलो मी. आन् ती मराठी बोलाय लागली! आता ह्या इंग्लिशचं लोणचं घालू का?"

"मग बंद करताय?" ज्ञानूने विचारलं.

"न्हाय बंद करत. तिचं मराठी लई चुकतंय, ती शरमून गप्प बसती. मी चुकीचं इंग्लिश बोललो की तिला धीर येतोय."

खतिजाने मात्र यायचं सोडलं. सून घरात आहे तोवर रविवार कुणाला मोकळा, असं तिने सांगून पाठवलं. तिच्या वाटणीचा चहा आता बाबालाल घेतात.